कोकणचे सिनेमे घरी बघताना: काय बघावं, आणि त्याआधी टीव्ही कसा लावावा

‘तुंबाड’मध्ये काही दिसतच नाही, नुसता काळोख, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. सिनेमाचा त्यात काडीचा दोष नाही. दुकानाच्या झगमगाटात उठून दिसावा म्हणून कंपनीने टीव्हीत जी सेटिंगं भरून पाठवलेली असतात, त्याच सेटिंगांवर तो वर्षानुवर्षं चालतो. वर पडवीतला दिवा चालू आणि दार उघडं. कोकणावरच्या चांगल्या सिनेमांची सगळी पुंजी पाऊस, काळोख आणि बोली या तीन गोष्टींत आहे, आणि वाईट लावलेल्या टीव्हीवर नेमक्या याच तीन गोष्टी आधी मरतात. मग उरतात माड आणि ड्रोनमधून दिसणारा समुद्र. तेवढ्यासाठी इथे राहणाऱ्याने दोन तास घालवायचं कारण नाही, खिडकी उघडली की झालं.

तेव्हा सिनेमांबद्दलची मतं आणि यंत्रांबद्दलच्या सूचना इथे एकत्रच येतील.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत आहे, पण त्याची हाडं मराठी आहेत. तुंबाड हे रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात जगबुडी नदीच्या काठचं खरं गाव. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ते नाव मराठी वाचकाच्या ओळखीचं. कादंबरीशी सिनेमाचा नावापलीकडे संबंध नाही, भयाची ठिणगी नारायण धारपांकडून आलेली. छायाचित्रकार पंकज कुमार यांनी सगळं चित्रण कंदील-पणतीच्या उजेडाचा अंदाज धरून केलंय. चेहऱ्याची एकच बाजू, भिंतीचा ओला पोपडा, आणि त्यामागे काळं. हे काळं सपाट नाही. त्यात दाराची चौकट आहे, कोपऱ्यात कोणी बसलंय की नाही हा संशय आहे. तो संशय म्हणजेच सिनेमा. टीव्हीने ते काळं एकसारखं डांबरी करून टाकलं, की भीतीही गेली आणि कारागिरीही.

आता सेटिंगं. पिक्चर मोडमध्ये ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’ किंवा ‘स्टँडर्ड’ असेल ते बदलून ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. कलर टोन ‘वॉर्म’ ठेवा. पहिली दहा मिनिटं चित्र पिवळट वाटेल, मग डोळा बसतो आणि जुनी निळसर छटाच खोटी वाटायला लागते. ‘इको’, ‘एनर्जी सेव्हिंग’ आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर, तिन्ही बंद. काळोखी दृश्य आलं की हीच सेटिंगं पडद्यामागचा दिवा मंद करतात, म्हणजे आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ही बंद. शार्पनेस कमी करत जा, माणसांच्या कडेने दिसणारी पांढरी रेघ नाहीशी झाली की थांबा. नंतर आजीच्या खोलीतला सुरुवातीचा प्रसंग लावून ‘ब्राइटनेस’ किंवा ‘ब्लॅक लेव्हल’ एकेक टप्पा वर न्या. काळ्या कपड्यातली घडी दिसायला लागली की बस. त्याहून वर नेलंत तर काळं राखाडी होईल आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटेल.

लॅपटॉप केबलने जोडून बघणाऱ्यांचं दुखणं निराळं असतं. एचडीएमआयमधून जाणाऱ्या चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या असतात. चित्र ‘फुल’ म्हणजे ० ते २५५ असतं किंवा ‘लिमिटेड’ म्हणजे १६ ते २३५. लॅपटॉप एका पद्धतीने पाठवतो आणि टीव्ही दुसरी गृहीत धरतो, तेव्हा काळं एकतर चिरडतं नाहीतर विटतं. दोन्हीकडे एकच पर्याय निवडला की प्रश्न मिटला. टीव्हीत हे बहुधा ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ या नावाखाली सापडतं.

आणि ते गुळगुळीत चित्र! सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतःच्या मनाने तयार करून घालतो, म्हणून ‘तुंबाड’ संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. सॅमसंगमध्ये याला ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’ म्हणतात, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. ते बंद करा. पावसाच्या दृश्यात याचा त्रास सर्वात जास्त होतो, कारण प्रत्येक थेंबाची वाट ठरवताना यंत्र गोंधळतं आणि माणसाच्या कडेला पाणी पाघळल्यासारखं दिसतं.

एवढं करूनही काळोखात चौकोनी ठिगळं दिसली तर दोष नेटचा. ॲप चित्र दाबून पाठवतं आणि काटकसर आधी काळ्या भागात करतं, तिथे कोण बघतंय असा त्याचा हिशेब. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी डेटा लागू शकतो. मोबाइलच्या दीड-दोन जीबीच्या रोजच्या पॅकवर हॉटस्पॉट देऊन बघाल तर अर्ध्या सिनेमातच दर्जा घसरणार. डाउनलोडची सोय असेल तर ‘हाय क्वालिटी’ निवडून आदल्या रात्रीच उतरवून घ्या. काही स्वस्त फोन आणि अँड्रॉइड बॉक्सना एचडीची परवानगीच नसते. त्यात ‘वाइडवाइन’ची, म्हणजे सिनेमाची चोरी रोखणाऱ्या डिजिटल कुलपाची, एल-३ पातळी असेल तर बहुतेक मोठी ॲप्स ४८० ओळींच्या पुढे जात नाहीत, मग नेट कितीही दणकट असो. ‘डीआरएम इन्फो’सारख्या फुकट ॲपमध्ये ही पातळी दिसते. एल-१ असेल तर बहुधा काळजी नको.

सिनेमा म्हणून ‘तुंबाड’ कसा आहे? पहिले दोन भाग अव्वल. लोभाची गोष्ट इतक्या कमी शब्दांत आणि इतक्या ओल्या भिंतींत आपल्याकडे कोणी सांगितलेली नाही. शेवटचा भाग घाईत उरकल्यासारखा वाटतो. आणि एक खंत राहतेच, ब्राह्मणाच्या वाड्यात सगळे चोख हिंदी बोलतात. आजीच्या तोंडी जुनी कोकणी वळणाची मराठी असती तर ती कितीतरी जास्त अंगावर आली असती. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. घरच्या पडद्यावर निम्मा सिनेमा दिसत नाही हे लोकांना कळलं असावं.

पावसाकडे वळू. पडद्यावरचा पाऊस खरा की टँकरचा हे ओळखायला सावली बघावी. कोकणात आषाढात ढग इतके खाली असतात की उजेड चहूबाजूंनी सारखाच येतो आणि जमिनीवर सावली जवळजवळ पडत नाही. पडद्यावर धो धो पाऊस पडतोय आणि नायिकेच्या पायाशी ठसठशीत सावली आहे, म्हणजे चित्रण मार्च-एप्रिलमधलं. दुसरी खूण जांभा. ओला जांभा काळपट लाल होतो, त्यावर शेवाळ धरतं, पायऱ्या बुळबुळीत होतात. पाण्याचा फवारा मारलेला जांभा वरून चकाकतो आणि खालून कोरडा राहतो. तिसरी खूण घराची. पाऊस लागण्याआधी खळ्यातला मांडव उतरवतात, पडवीला झापं बांधतात. श्रावणातल्या प्रसंगात खळ्यात मांडव तसाच उभा दिसला, तर कलादिग्दर्शक मुंबईहून आला आणि गावात कोणाला न विचारता परत गेला असं खुशाल समजावं.

या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण ‘किल्ला’ला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलंय. २०१४ ला बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, आणि थिएटरात आला २०१५ मध्ये. वडील गेलेत, आईची बदली कोकणात, पुण्याहून आलेला अकरा वर्षांचा चिन्मय आणि शाळेतली नवी टोळी, एवढीच गोष्ट. किल्ल्यात सायकली घालून पोरं जातात, सर कोसळते आणि चिन्मय आत एकटा राहतो, हा प्रसंग नीट बघा. भिंतीवरून पाणी कसं उतरतं, आवाज कुठून येतो, आधी लांबून ऐकू येणारा पाऊस एकाएकी डोक्यावर कसा येतो. इथे पार्श्वसंगीत घालून रडवायचा मोह कोणालाही झाला असता. यांनी तो आवरला. अमृता सुभाष यांची आईही अशीच, ऑफिसातला ताण घरी आणून पोरावर काढत नाही, फक्त भांडी जरा जोरात ठेवते. पार्थ भालेराव याचा बंड्या बघून हसू येतं, पण तो विनोदासाठी ठेवलेला नाही, वर्गात असा एक असतोच. लहान मुलांना दाखवायचा असेल तर आधी सांगून ठेवा की यात ‘काही होत’ नाही. दहा वर्षांवरची मुलं सहसा रमतात.

अमृता सुभाष संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मध्येही (२००४) आहेत. त्यातलं कोकण थोडंच, पण नेमकं. नातवाच्या डोळ्यांचा कर्करोग, शस्त्रक्रियेने जीव वाचणार पण दृष्टी जाणार, आणि गावाहून आलेले आजोबा. गावचं हिरवं आणि इस्पितळातलं पांढरं यांची अदलाबदल हीच त्याची भाषा आहे, म्हणून रंग भडक केलेल्या टीव्हीवर तो बघूच नये. हिरवं विषारी दिसतं आणि पांढऱ्यातले बारकावे जळून जातात. अरुण नलावडे यांचं काम आजही शिळं वाटत नाही. डॉक्टरांच्या तोंडची काही वाक्यं मात्र आज माहितीपत्रकासारखी वाटतात. याच दिग्दर्शकाचा ‘नदी वाहते’ (२०१७) कमी लोकांनी पाहिला. नदी, गाव आणि गावाने स्वतः काय करायचं याचा तो सिनेमा. संथ आहे, पण ज्यांच्या गावात अशी नदी उरली आहे त्यांनी चुकवू नये.

आता बोली. ‘कोकणी माणूस’ म्हणून सिनेमावाले सरसकट मालवणी बोलायला लावतात, दापोलीच्या माणसालाही. माका-तुका, खंय, हयसर ही दक्षिणेकडची वळणं. राजापूरच्या वर जसजसं जावं तसतशी बोली बदलते. संगमेश्वरीचा सूर वेगळा, बाणकोटीचा वेगळा, रायगडातली आगरी तर निराळीच. दुसरी खोड म्हणजे मालवणी फक्त हसवायला वापरायची. गड्याला मालवणी आणि नायकाला पुस्तकी मराठी. ही खोड नाटकांतून सिनेमात आली आणि अजून गेलेली नाही.

म्हणून सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ (सप्टेंबर २०२५) महत्त्वाचा. बाबुली मेस्त्री हा दशावतारी कलाकार मालवणीतच विचार करतो, दुःखही मालवणीतच करतो. ही भूमिका करणारे दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते, हे पडद्यावर एकदाही आठवत नाही. दृष्टी अधू होत चाललेला हा माणूस घरात चाचपडत चालतो आणि रंग लावून उभा राहिला की पाठ सरळ होते. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद तिथल्या तिथे. देव आणि राजे भारदस्त मराठी बोलतात आणि संकासुर मालवणीत गावच्या गजाली हाणतो. कलाकार स्वतःचा रंग स्वतः लावतो, पायपेटी, पखवाज आणि झांज एवढ्यावर रात्र काढतो, दिवसा शेतात किंवा कामावर जातो. पूर्वार्धात हे जग ज्या मायेने उभं केलंय त्याला तोड नाही. उत्तरार्धात गोष्ट सूडाकडे वळते आणि तिथे सिनेमा दोन पायऱ्या खाली येतो. खाणवाले खलनायक पुठ्ठ्याचे आहेत. ज्यांनी आपल्या डोंगरांत खनिजाचे ट्रक धावताना पाहिलेत त्यांना ठाऊक आहे की ही माणसं पडद्यावर दिसतात इतकी आरडाओरडा करत नाहीत, ती गोड बोलतात आणि सातबारा बघतात. तरीही बघावाच, आणि जमलं तर थिएटरात.

घरी बघायचा तर आवाजाकडे लक्ष द्या. नव्या सिनेमांचा आवाज ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर यांच्यासाठी केलेला असतो आणि संवाद मधल्या स्पीकरसाठी काढलेले असतात. टीव्हीला मधला स्पीकर नसतो, असलेले दोन बहुधा खाली किंवा मागे तोंड करून असतात. सगळं एकत्र कोंबलं की पखवाज छातीवर आणि संवाद तोंडातल्या तोंडात. मग रिमोट हातात धरून आवाज वर-खाली करत बसावं लागतं. ॲपच्या ऑडिओ यादीत साधं ‘मराठी’ आणि ‘मराठी ५.१’ असे दोन पर्याय असतील तर साधं घ्या. टीव्हीच्या साउंड आउटपुटमध्ये ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा आवाज, निवडा. ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ एरवी बंद ठेवावा, पण पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तर चालू केलेलाच बरा, नाहीतर कुजबूज ऐकूच येत नाही. कौलाखाली हा त्रास कमी. फरशीची, उघड्या भिंतींची खोली असेल तर आवाज घुमतो. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा आणि खाली सतरंजी अंथरा, दोन-अडीच हजारांच्या साउंडबारपेक्षा जास्त फरक पडेल. मालवणी न कळणारे पाहुणे असतील तर सबटायटल लावायला लाजू नये, पण ती इंग्रजी असतात आणि त्यांत शिव्यांची धार पार जाते.

दशावतार या विषयावर अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ (२०२१) आधीच होता, थेट ॲमेझॉन प्राइमवर आलेला. सव्वा तासाचा. पोराची चित्रकलेच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झालीय, पैसे भरायचेत आणि बाप कर्जात आणि दारूत. प्रसाद ओक रंगात असतानाचा आणि रंग उतरल्यावरचा, अशी दोन माणसं उभी करतात. ‘दशावतार’पेक्षा यात नाट्यप्रयोग जास्त सलग दिसतो. खरा खेळ कधीच न पाहिलेल्यांनी आधी हा बघावा, मग दुसरा. आणि दोन्ही बघून झाल्यावर कार्तिकानंतर जत्रा सुरू होतात, तेव्हा जवळच्या देवळात जाऊन बसावं, तिकीट नसतं.

प्रभावळकरांचाच ‘नारबाची वाडी’ (२०१३, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार) हा घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा. मूळ मनोज मित्र यांचं बंगाली नाटक, पण माडापोफळीच्या वाडीत ते इतकं रुजलं की परकं वाटत नाही. नारबाची वाडी खोताला हवी. करार असा की म्हातारा मरेपर्यंत खोताने त्याला दरमहा पैसे द्यायचे आणि मेल्यावर वाडी घ्यायची. म्हातारा काही मरत नाही. मनोज जोशी यांनी खोताच्या दोन पिढ्या साकारल्यात. मध्यंतरानंतर तोच विनोद दोन-तीनदा फिरून येतो, ही त्याची ढिली बाजू. ‘गजाल खरी काय’ हे गुरू ठाकूर यांचं गाणं मात्र बोलीचा कान असलेल्या माणसाचं आहे. जमिनीच्या दलालाशी बोलणी चालू असलेल्या घरांनी हा सिनेमा आवर्जून लावावा.

कृष्णधवलची जोडी वेगळी काढून बघण्यासारखी आहे. दापोलीजवळच्या पालगडचे साने गुरुजी आणि त्यांची ‘श्यामची आई’. अत्र्यांचा सिनेमा १९५३ चा, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच मिळालं. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये तीच गोष्ट पुन्हा केली, तीही कृष्णधवल, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेतला. जुन्यात वनमाला आणि माधव वझे, नव्यात गौरी देशपांडे आणि गुरुजींच्या भूमिकेत ओम भूतकर. जुना भावनेला मोकळी वाट देतो, वसंत देसाईंची गाणी त्याचं अर्धं काम करतात. नवा आवरून धरतो, घरातली गरिबी शब्दांऐवजी चुलीजवळच्या रिकाम्या जागेतून दाखवतो. दोन्हींत डावं-उजवं करायचंच तर आईसाठी जुना, कोकणासाठी नवा.

जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १६:९ चा. तो ताणून पडदाभर केला की श्यामची आई जाडजूड दिसते. ‘पिक्चर साइज’मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘४:३’ घ्या, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. यूट्यूबवरच्या काही प्रतींत तो ताण चढवतानाच भरलेला असतो, मग टीव्हीवरून ४:३ केल्यावर सरळ होतो. कृष्णधवल चित्रात निळी किंवा हिरवी झाक दिसत असेल तर ‘कलर’ शून्यावर न्या. जुन्या सिनेमांचा आवाज मोनो असतो. साउंडबारचं ‘सराउंड’ चालू राहिलं तर गाणी विहिरीतून आल्यासारखी येतात. हीच सूचना ‘जैत रे जैत’लाही (१९७७). जब्बार पटेलांचा हा सिनेमा ठाकरांचा, कर्नाळ्याच्या डोंगराचा, आणि हृदयनाथ-महानोरांच्या गाण्यांचा. गाणी कथेला थांबवत नाहीत, कथाच गात पुढे जाते. पोरांनो, रायगडही कोकणच आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. ‘कासव’ (सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर) सुवर्णकमळाचा मानकरी. किनाऱ्यावरची कासवांची अंडी जपणारी माणसं आणि आतून मोडलेला एक मुलगा, दोन्ही धागे एकमेकांवर लादलेले नाहीत. मन स्थिर असताना बघा. ‘काकस्पर्श’ (२०१२) अभिनयात भक्कम, सचिन खेडेकर आणि प्रिया बापट दोघेही, पण घर जरा जास्तच सारवलेलं. ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) बहुतेक मुंबईच्या इस्पितळातला, तरी सगळ्यात कोकणी. माणूस शेवटच्या घटका मोजतोय आणि नातेवाइकांना घोर सुतकात गणपती बसणार कसा याचा! ‘घरत गणपती’ (२०२४) दिसायला देखणा, माणसं प्रेमळ, पण घरात गणपतीच्या दिवसांत खरी भांडणं ज्या गोष्टींवरून होतात, म्हणजे खर्चाची वाटणी आणि घराची डागडुजी, त्यांना तो हळूच हात लावून पुढे जातो. दिग्दर्शक नवज्योत बांदिवडेकर यांना त्यासाठी गोव्याच्या इफ्फी महोत्सवात पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, पुढच्या सिनेमाची वाट बघायला हरकत नाही. ‘मुंज्या’ (२०२४) पुन्हा सरपोतदारांचा, हिंदीत. पिंपळावरचा मुंजा लहानपणी ऐकलेल्यांना संगणकातून काढलेलं ते भूत फारसं घाबरवत नाही, पोरं मात्र खूश. तिथे आवाज मोठा ठेवा, बाकी काही करू नका.

गणपतीत किंवा शिमग्याला चाकरमानी जमले की प्रोजेक्टर काढायची हौस येते. ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळणाऱ्या डब्यांवर ‘१०,००० ल्युमेन’, ‘४के सपोर्ट’ लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. दोनच आकडे विचारा, ‘ॲन्सी ल्युमेन’ (ठरलेल्या पद्धतीने मोजलेला खरा उजेड) किती आणि ‘नेटिव्ह रिझॉल्यूशन’ (यंत्राचे स्वतःचे ठिपके) काय. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के फाइल चालते एवढंच, चित्र आतल्या १२८० बाय ७२० किंवा त्याहूनही कमी ठिपक्यांतच दिसतं. १०० इंची चित्र म्हणजे साधारण सव्वादोन मीटर रुंद आणि सव्वा मीटर उंच. एवढ्याला पूर्ण काळोखात खरे ५०० ॲन्सी ल्युमेन पुरतात, थिएटरच्या पडद्याइतका उजेड पडतो. १५० इंच करायचं तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, म्हणून ११०० च्या पुढे हवेत. ‘थ्रो रेशो’ म्हणजे पडद्यापर्यंतचं अंतर चित्राच्या रुंदीच्या किती पट. तो १.२ असेल तर १०० इंचांसाठी प्रोजेक्टर पडद्यापासून २.६५ मीटरवर ठेवायचा. तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने चौकोन सरळ करण्यापेक्षा खाली पाट सरकवून उंची जुळवा, कीस्टोनने ठिपके वाया जातात.

पडद्याला चादर लावणार असाल तर एकेरी नको. निम्मा उजेड आरपार जातो आणि मागे बसलेल्या पोरांना उलटा सिनेमा दिसतो. चादर दुहेरी घ्या आणि मागे गडद घोंगडी टाका. चुन्याची स्वच्छ भिंत असेल तर त्याहून उत्तम. पावसाळी रात्री वाळवीची पाखरं उजेडावर येतात आणि प्रत्येक पाखराची सावली पडद्यावर घारीएवढी पडते. वीस-पंचवीस फुटांवर, प्रेक्षकांच्या पाठीमागे, एक पांढरा बल्ब लावून ठेवा. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर जोडताना राउटर विसरतो सगळे, लाइट गेली की चित्र चालू आणि नेट बंद. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, नाहीतर सिनेमा आधीच उतरवून ठेवावा.

खेळ संपला की पंखा आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका. यंत्र गार झाल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलंत तर ते ओलं झालंय हे कळतं, मंद आचेवर कोरड्या तव्यावर तापवलं की पुन्हा चालतं. किनाऱ्याजवळच्या घरात उघडा ठेवलेला प्रोजेक्टर एका पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात आणि चित्राचा एक कोपरा कायमचा धुरकट होतो, तो पुसून जात नाही. केबलच्या टोकांना खारी हवा लागून पांढरट-हिरवा थर धरतो आणि चित्र मधेच जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून, वीज बंद ठेवून टोकं पुसायची आणि पूर्ण सुकू द्यायची. आणि वाडीतल्या मंडळाने सार्वजनिक खेळ ठेवायचा बेत केला असेल, तर घरच्या ॲपची वर्गणी त्याला चालत नाही. ती खाजगी वापरापुरती असते, हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी लागते.